ब्रेकचं काम काय?

...आणि वर मेव्हणा मलाच विचारतो, "भाऊजी, नाश्ता केला नाहीत ना?" आता तुम्हीच सांगा, रविवारची सकाळ, सायकलचे ब्रेक तपासायचेत, त्यात माझ्या नाश्त्याचा संबंध आला कुठून? तर म्हणे वजन! पहिल्या ब्रेकच्या वेळी पोट रिकामं आणि दुसऱ्याच्या वेळी पोटात टोस्ट, मग तुलना कशी व्हायची? शास्त्र आहे ते, शास्त्र! म्हणजे शास्त्र ह्याचं आणि उपास माझा! अहो, ब्रेकचं काम काय? सायकल थांबवणं! दाबला की थांबली पाहिजे, थांबली की उतरायचं, उतरलं की घरी जायचं. यात तुलना करण्यासारखं आहे काय?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस भुकेने चिडलाय. चिडलो होतोच, पण ते नंतर.

तर मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. पुढे काउंटरवर नाही हं, मागच्या खोलीत. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, मुंगीएवढे स्क्रू आवळायचे, दिवसभर मान खाली. संध्याकाळी दुकान बंद झालं की मी सायकलवर टांग टाकतो आणि मग मी राजा! कारण सायकल साधीसुधी नाही, फ्रेंच आहे. जुनी. बाबांची. बाबा तरुण होते तेव्हा त्यांच्या कारखान्यात मशीन बसवायला कोणी परदेशी इंजिनिअर आला होता, तो परत जाताना ही बाबांना देऊन गेला. का दिली? बाबा म्हणतात, प्रेमाने. आई म्हणायची, सामानात मावली नसेल. ते काही असो, बाबांनी ती चालवली, पुसली, जपली, पुढच्या दांडीवर बसवून मला शाळेत सोडलं, आणि डोळे अधू झाले तेव्हा एक दिवस कुलपाची किल्ली माझ्या हातात ठेवली. "आता तू." बस्स, एवढंच बोलले. आणि बघा काय नशीब, मी अख्ख्या गावाला दिसायला लावतो, आणि माझ्या बापाच्या डोळ्यांना लागेल अशी काच माझ्या दुकानात नाही. कुठल्याच दुकानात नाही. वाईट वाटतं हो... रोज वाटतं. पण जाऊ दे, आपण ब्रेकवर होतो.

आमची इमारत उताराच्या तळाशी. वर कोपऱ्यावर बेकरी, तिथून सायकल सोडली की पाय हलवायला नको, वारा खात खात सरळ खाली, फाटकाशी वळण, तिथे ब्रेक दाबायचा. दाबायचाच! नाही दाबला तर समोरच्या लाँड्रीत कपड्यांबरोबर आपण. तर मी रोज दाबायचो. आणि तो ब्रेक काय वाजायचा, काय वाजायचा म्हणून सांगू! क्यींऽऽऽऽऽऽ! कबुतरं उडायची. झोपलेली पोरं उठायची आणि उठलेली रडायची. लाँड्रीवाला एकदा दचकला तो इस्त्री शर्टावर तशीच ठेवून बाहेर धावला. शर्ट कोणाचा? आमचाच! पण मला काही वाटायचं नाही. सायकल थांबत होती ना? ती जिन्याखाली लावायची, दोन मजले चढायचे, वर जावं तर दार उघडं, टेबलावर तीन कप चहा, त्यातून वाफा... एक माझा, एक बाबांचा, एक आमच्या हिचा. ही आतल्या खोलीत शिवणकाम करते, मशीन थांबवून बाहेर यायची, आम्ही तिघं बसून चहा प्यायचो. अहो, सुख म्हणतात ते आणखी काय असतं!

पण लोकांना सुख बघवत नाही. तळमजल्यावर एक गाणं शिकवणाऱ्या बाई राहतात. एक दिवस त्या फाटकातच उभ्या. मला वाटलं, आवाजावरून भांडायला आल्या. छे! म्हणाल्या, "अहो चष्मेवाले, तुमचा ब्रेक बेसूर आहे." मी म्हटलं, काय? "बेसूर! मोठा असेना का, माझी तक्रार नाही, पण सुरात तरी असू दे! मुलं इतकी गोड गात असतात, तुम्ही आलात की माझा सूर सोडतात आणि तुमच्या ब्रेकचा धरतात!" आता ब्रेकला मी गाणं शिकवू? मी म्हटलं, बाई, ब्रेकचं काम काय? सायकल थांबवणं! त्या म्हणाल्या, "माझा क्लास थांबतो त्याचं काय?"

हे सगळं आमच्या हिच्या कानावर गेलं. आमची ही तशी शांत. पण तो जळलेला शर्ट तिने स्वतः शिवलेला होता, हे मी तुम्हाला सांगायचं विसरलो. तिने मशीन थांबवलं. आमच्या घरात मशीन मध्येच थांबलं की समजायचं, काहीतरी गंभीर आहे. "अहो, ऐका. येत्या रविवारी त्या ब्रेकचा आवाज बंद झाला तर ठीक. नाहीतर सायकल माझ्या भावाकडे जाईल." मी हसलो. ती नाही हसली. म्हटलं, अगं, बाबांची सायकल आहे ती! तर म्हणाली, "म्हणूनच भावाकडे म्हणाले. भंगारवाल्याकडे म्हणाले का?"

बाबा खिडकीशी बसले होते, त्यांची ती ठरलेली खुर्ची आहे. ते म्हणाले, "असू दे गं. चांगला आहे तो ब्रेक." पण त्यांचं ऐकतंय कोण? ते ऐकलं असतं ना आम्ही... असो, येईलच ते पुढे.

आता भाऊ. म्हणजे माझा मेव्हणा. त्याला आम्ही मिलिमीटर म्हणतो. तसा एका ऑफिसात कारकून आहे, पण लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हा मापाचा चिमटा ठेवतो. कुठलीही वस्तू दिसली की काढला चिमटा, लावला. वाढदिवसाला आला तर केकचे तुकडे मोजतो, हिचा जाड, माझा बारीक, आणि जाहीर करतो! आणि ह्याचा जीव कशात, तर जुन्या फ्रेंच सायकलींच्या ब्रेकमध्ये. सायकलींमध्ये नाही हं, ब्रेकमध्ये! कपाटात कपडे कमी आणि ब्रेक जास्त. त्याची बायको एकदा अंघोळीला जाताना घाईत टॉवेल ओढायला गेली, टॉवेलातून ब्रेक पडला, अंगठ्यावर. ती कळवळली, हा धावत आला, वाकला, आणि आधी ब्रेक उचलला! आमचं लग्न ठरलं तेव्हा हा पहिल्यांदा आमच्या घरी आला आणि त्याच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मला वाटलं, वा, बहिणीसाठी मुलगा पसंत पडला. कुठला मुलगा! जिन्याखालची सायकल बघून आला होता तो. तेव्हापासून त्याचा डोळा आहे तिच्यावर.

तो आला. घरात यायच्या आधी जिन्याखाली आडवा झाला, ब्रेक बघून घेतला, मग वर आला आणि सुरू! "भाऊजी, तुमच्याकडे आहे तो पहिला प्रकार. ह्याच कंपनीचे आणखी दोन आहेत, दोन्ही माझ्याकडे आहेत. तिन्ही लावून बघू. तुलना करू." कंपनीचं नाव मी तुम्हाला सांगत नाही. लपवायचंय म्हणून नव्हे, मला ते म्हणताच येत नाही. मी म्हटलं की मिलिमीटर ओठांचा चंबू करून दुरुस्त करतो, मी पुन्हा म्हणतो, तो पुन्हा दुरुस्त करतो, शेवटी माझाच चंबू तसाच राहतो आणि दुकानातले सगळे विचारतात, दाढ दुखतेय का? म्हणून मी त्यांची नावंच ठेवली. थोरला, मधला आणि धाकटा.

थोरला म्हणजे आमच्या सायकलवरचा. दोन हात, वर मधोमध तार, तार ओढली की दोन्ही हात चाकाला आवळतात. छान! मग त्याने टॉवेल उलगडून मधला काढला. मी बघतो, तर हुबेहूब तोच! म्हटलं, अरे, हा थोरलाच आहे की! तर कानाला हात लावतो, "काय बोलताय भाऊजी! हात आखूड आहेत ह्याचे!" किती आखूड? "बरेच!" म्हणत बोटं धरून दाखवली. तुम्हाला सांगतो, मी दिवसभर काचा घासणारा माणूस, केसाइतकी चीर मला दिसते, पण त्या दोन बोटांच्या मधलं 'बरेच' काही मला दिसलं नाही! मग तिसरा टॉवेल. धाकटा. हाही तसाच, फक्त सांध्यात लाल चकत्या. म्हटलं, ह्या लाल कशाला? तर अशा आवाजात बोलला की जणू आत कोणी झोपलंय, "त्यामुळे हात थरथरत नाहीत, भाऊजी. हात थरथरले की रबर थरथरतं, रबर थरथरलं की आवाज येतो. हा... हा बोलतच नाही!" अरे, मग लाव की तोच आणि संपव! तर म्हणे, "असं कसं? तिघांची तुलना नको?"

अहो, ब्रेकचं काम काय? मुलाखती आहेत का ह्या? तिघांना बोलवायचं आणि एकाला ठेवायचं?

आणि जाता जाता गोड हसून म्हणाला, "तिघांपैकी एकही गप्प बसला नाही, तर ताई म्हणाली तसं सायकल मी नेईन. काळजी करू नका भाऊजी. दिवाणखान्यात ठेवीन. चालवणार नाही." चालवणार नाही! हे मला उपकार केल्यासारखं सांगतो! ज्या दांडीवर बसून मी पाढे पाठ केले ती दांडी ह्याच्या सोफ्याशेजारी उभी राहणार, धूळ पुसून घेत? तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या क्षणापासून मला आवाज बंद हवा होता. बाकी काही नको.

आला रविवार. मिलिमीटर पहाटेच हजर, हातात टेप, खिशात चिमटा, आणि खडू. खडूने फाटकाच्या अलीकडे रस्त्यावर रेघ मारली. नियम असे, बेकरीपासून सुटायचं, पायडल मारायचं नाही, रेघेवर पुढचं चाक आलं की दाबायचं. उतार तोच, चाकातली हवा तीच, माणूस तोच, आणि पोट तेच! म्हणजे रिकामं! बेकरीच्या दारात उभं राहायचं, आतून ताज्या पावाचा वास, आणि मी उपाशी, सायकल धरून! बेकरीवाला म्हणाला, एखादा घ्या की. खालून हा ओरडतो, "भाऊजीऽऽ, काही खाऊ नकाऽऽ!"

पहिला थोरला. सुटलो... आलो... रेघ... दाबला! क्यींऽऽऽऽऽऽ! लाँड्रीवाल्याने इस्त्री आधीच बाजूला ठेवली होती, शहाणा माणूस. तळमजल्याची खिडकी उघडली, बाई म्हणाल्या, "हाच! हाच तो बेसूर!" मिलिमीटरचं तिकडे लक्षच नाही. तो रस्त्यावर पालथा पडून टेप लावतोय. एक म्हातारे गृहस्थ चालले होते, ते धावत आले, "अरे अरे, काय झालं? धडक बसली का?" हा मान वर न करता म्हणतो, "नाही. मोजतोय." ते बिचारे माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगू? म्हटलं, माझा मेव्हणा आहे. त्यांना पटलं, गेले.

मग ब्रेक बदला. त्याला किती वेळ लागला ते विचारू नका, कारण प्रत्येक स्क्रू तो आधी पुसतो, मग आवळतो, मग पुन्हा पुसतो. मग मधला. सुटलो, आलो, दाबला. क्यींऽऽऽऽ! तेच! जरासं वरच्या पट्टीत, पण तेच! मिलिमीटरचा चेहरा उजळला, "बघितलंत? हात आखूड, त्यामुळे आवाज चढा!" आणि बाई खिडकीतून, "हा जरा बरा आहे हो! पण मध्येच तुटतो. लांबवता नाही का येत?" मी म्हटलं, लांबवला तर मी लाँड्रीत जाईन, बाई! वर बघतो तर आमची ही दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत, हाताची घडी. शेजारी बाबा, कान रस्त्याकडे. दोन ब्रेक संपले. राहिला एक.

धाकट्याचा थाट काय सांगू! त्याचं रबर बसवताना मिलिमीटरने रबराच्या मागच्या टोकाखाली कार्डाचा तुकडा ठेवला, मग आवळलं, मग तुकडा काढून घेतला. म्हणे पुढचं टोक चाकाला आधी टेकलं पाहिजे, मागचं नंतर, म्हणजे ओरडत नाही. मी म्हटलं, शहाण्या, मग थोरल्यालाही असंच करायचं! तर खेदाने मान हलवून म्हणाला, "केलं हो, भाऊजी. त्याला असंच करून बसवलं होतं. ऐकत नाही तो."

सुटलो. वारा. बेकरीचा वास मागे पडला. रेघ आली. डोळे मिटले, बाबांची आठवण काढली, आणि दाबला.

...काही नाही!

आवाज नाही. काहीच नाही. सायकल जागच्या जागी उभी! आणि मी? मी कुठे उभा? सायकल थांबली, मी नाही थांबलो! हँडलवरून जो निघालो तो थेट लाँड्रीच्या धुतलेल्या चादरींच्या टोपलीत, डोकं आत, पाय बाहेर! ब्रेकचं काम काय? सायकल थांबवणं! माणूस थांबवायचा म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं त्याला! आणि मिलिमीटर, माझा सख्खा मेव्हणा, धावत आला तो कुठे? टोपलीकडे? छे! सायकलीकडे! "भाऊजी, पाय झाडू नका, चाक हलेल! रेघेपासून किती ते मोजू दे!" मोजलं. उठला. आणि तुम्हाला सांगतो, एकाच तोंडावर हसू आणि रडू मी त्या दिवशी बघितलं. त्याचा धाकटा जिंकला होता, म्हणून हसू. आणि सायकल आमच्याकडेच राहिली होती, म्हणून रडू.

पण दिलदार हो! धाकट्याची पुढची-मागची जोडी त्याने आमच्या सायकलवर लावून दिली आणि थोरल्याची जोडी टॉवेलात गुंडाळून घेऊन गेला. माझा जीव भांड्यात पडला. ही म्हणाली, "झालं ना? उगाच घाबरत होतात." मी बेकरीत जाऊन जे खाल्लं त्याचं वर्णन करत नाही.

आता तुम्ही म्हणाल, संपलं की! तेच मला वाटलं.

सोमवारी संध्याकाळी कसा आलो सांगू? चोरासारखा! कबुतर हललं नाही. बाईंचा क्लास सुरूच. लाँड्रीवाल्याने हात केला. ऐटीत जिना चढून वर आलो, तर दार बंद. कडी वाजवली. हिने मशीनवरून उठून उघडलं. टेबलावर बघतो, चहा नाही. म्हटलं कामात असेल, आपण कशाला बोला? मंगळवारी आलो तर दार उघडं, चहा होता, पण गार! वर साय धरलेली. आता मात्र मी म्हटलं, अगं, आज चहा लवकर केलास का?

तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी? चहा तुम्ही करता ना रोज?"

"मी कधी केला? मी तर येतो तेव्हा टेबलावर असतो!"

"आणि मी मशीनवरून उठून येते तेव्हा टेबलावर असतो!"

बघा हं! इतकी वर्षं संसार केला, रोज चहा प्यायलो, तिला वाटायचं मी करतो, मला वाटायचं ती करते, आणि दोघांनी कधी एकमेकांना "छान झालाय" म्हटलं नाही! एकदा जरी म्हटलं असतं तर तेव्हाच उलगडा झाला असता! आम्ही दोघांनी एकदमच खिडकीकडे बघितलं. बाबा खिडकीत वाकून बसले होते, कान अगदी गजांना लावून. मी मागे उभा, आणि त्यांना पत्ता नाही.

"बाबा."

दचकले हो! "आलास? कधी आलास? अरे, कळलंच नाही मला. दोनदा केला बघ चहा. वाटलं आत्ता येशील, आत्ता येशील... तुझा ब्रेक कुठे गेला?"

मग सांगायला लागले, अगदी मिलिमीटरसारखं व्यवस्थित. दुपार उतरली की पाणी उकळून झाकून ठेवायचं. गॅस कुठे, डबा कुठे, कप कुठे, सगळं हाताला माहीत. मग खिडकीत बसायचं. ब्रेक वाजला की उठायचं, दाराची कडी काढायची, पाणी पुन्हा गॅसवर, पत्ती, दूध. मी सायकल लावून, कुलूप घालून, दोन मजले चढून येईपर्यंत कपात. "मला आता दुसरं काय जमतं रे? पेपर वाचता येत नाही, जिना उतरवत नाही. हे एक काम होतं, ते वेळेवर करत होतो." आणि मग हळूच, तक्रार म्हणून नाही हं, नुसतंच, "मी म्हटलं होतं, चांगला आहे तो ब्रेक."

तुम्हाला सांगतो, मी तो गार चहा सायीसकट प्यायलो. हिने डोळे पुसले आणि सांगितलं, सुई लागली बोटाला. डोळ्याला पदर आणि म्हणे बोटाला सुई!

हां, आता तुमच्या मनात आलं असेल, घंटी वाजवायची! ब्रेक कशाला हवा? केलं हो, तेही केलं! बुधवारी घंटी वाजवत आलो. पण घंटी काय माझ्या एकट्याला आहे? दूधवाल्याला आहे, पेपरवाल्याला आहे, गल्लीतल्या प्रत्येक पोराला आहे! बाबांनी प्रत्येक घंटीला पत्ती टाकली. मी वर पोचेपर्यंत घरात सगळ्या गल्लीला पुरेल इतका चहा! पातेली संपली म्हणून शेवटचा बादलीत ओतलेला! गुरुवारी म्हटलं, हाक मारू. खालून ओरडलो, "बाबाऽऽऽ!" तर गल्लीतले सगळे बाबा खिडकीत! एक म्हणाला, काय रे? दुसरा म्हणाला, आमचाच वाटला. बाई बाहेर येऊन म्हणतात, "ह्यापेक्षा ब्रेक सुरात होता हो!"

म्हणजे थोरलाच हवा. पण थोरला आला की आवाज आला, आणि आवाज आला की सायकल गेली! हिने तर शब्द दिलेला, भावासमोर, आणि ही शब्दाची पक्की. तरी तिनेच फोन केला. "ये. थोरला घेऊन ये." तो आला ना, असा हसत आला की काय सांगू! टॉवेल काखेत, आणि दारातच म्हणतो, "म्हणजे आवाज परत करायचा? मग ठरल्याप्रमाणे..." मी मान खाली घातली. आणि ही? ही शांतपणे सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "सायकलला ब्रेक किती असतात रे?"

"दोन, ताई."

"मग पुढे तो न बोलणारा राहू दे. त्याने थांबेल. आणि मागे थोरला लाव. तो हे रोज फाटकाशी एकदाच दाबतील."

तुम्हाला सांगतो, मिलिमीटर मटकन खाली बसला. पाणी मागितलं. "ताई! पुढे धाकटा आणि मागे थोरला? एकाच सायकलवर? जोडी फोडायची? असं जगात कोणी केलेलं नाही! बघणारा काय म्हणेल?" ही म्हणाली, "बघणारे इथे कोण आहेत? ऐकणारे आहेत." तर हा दोन्ही हात वर करून, "अशी सायकल मी माझ्या घरात उभी नाही करणार! फुकट दिली तरी नको मला!"

"नको ना?" हिने दोऱ्याला गाठ मारली, वर बघितलंसुद्धा नाही. "मग राहिली आमच्याकडे."

पण खरा माणूस तो! रडत रडत का होईना, त्यानेच लावला. वाजायला हवा म्हणून रबर उलटं बसवायचं, मागचं टोक आधी. "आयुष्यभर जे टाळत आलो ते करायला लावताय," म्हणत डोळे मिटून आवळलं. आणि आवळून झाल्यावर स्क्रू पुन्हा पुसला. मग म्हणतो, "वाजणारच असेल, तर नीट वाजला पाहिजे. माझ्याकडे रबराचे निरनिराळे प्रकार आहेत. येत्या रविवारी तुलना करू!" झालं! पुन्हा रेघ, पुन्हा बेकरी, पुन्हा, "भाऊजी, नाश्ता केला नाहीत ना?" तळमजल्याला बाई, प्रत्येक रबराला मान हलवताहेत, "खाली गेला... वर गेला... आता जवळ आला!" आणि वर खिडकीत बाबा, "नाही, हा नाही. हाही नाही. हां! हाच तो!" लाँड्रीवाल्याने टाळ्या वाजवल्या, इस्त्री खाली ठेवून.

तर आता सगळे खूश. बाई खूश, त्यांच्या मते निदान सूर तरी पक्का झाला. मिलिमीटर आमच्याकडे येताना जिन्याखाली बघत नाही, तोंड फिरवून वर येतो. फक्त माझं एक सांगतो. परवा दुकानात काम फार होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं, फाटकाशी आलो आणि चुकून पुढचा दाबला. वर गेलो. दार बंद. मीच कडी वाजवली. बाबांनीच उघडलं. टेबलावर तीन कप, पालथे. म्हटलं, बाबा, मी आलो.

"कोण?"

"मी हो!"

"ब्रेक वाजला नाही."

"विसरलो, बाबा. पुढचा दाबला गेला. टाका आता पत्ती."

"असं कसं? नीट ये." हसत होते हो, गालातल्या गालात! आतून मशीन थांबलं, आणि हिचा आवाज, "अहो, जाऊन या ना, किती वेळ लागतोय!"

गेलो. काय करणार? दोन मजले उतरलो, सायकल काढली, ढकलत ढकलत बेकरीपर्यंत चढलो, बेकरीवाला म्हणाला, काही विसरलात का? म्हटलं, हो, घरी यायचं विसरलो. सुटलो, आलो, मागचा दाबला, क्यींऽऽऽऽ! वरून आवाज आला, "हां! आता आलास!" आणि पत्तीचा डबा उघडल्याचं मला खालपर्यंत ऐकू आलं. ब्रेकचं काम काय, सायकल थांबवणं, असं मी म्हणत होतो ना? ते असेल त्याचं काम. माझं काम काय ते विचारा! दिवसभर काचा घासून, दमूनभागून घरी आलेल्या माणसाने... पुन्हा एकदा घरी यायचं!